टाळ थांबत नाहीत तेव्हा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दिघाशी येथे केलेले भाषण)



मी समुपदेशन शिकवते. मनानं खचलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, हे मुलामुलींना शिकवायचं, हे माझं काम. पण ते मला स्वतःला कळलं आपल्या दिंडीत.

शिकत असताना मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर आळंदीहून निघाले. हातात वही. शेजारी एक मावशी, घरची आवणी सुनांवर टाकून आलेली. तिचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. तिला विचारूनच हे सांगते. मी म्हटलं, "मावशी, फार दुःख होतं का?" ती म्हणाली, "पांडुरंगानं नेला." मी वहीत लिहिलं, ‘दुःख मान्य करत नाही.’ त्या ओळीची आज लाज वाटते.

सासवडपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही. मग वही पिशवीत गेली. मी पाणी भरलं, भांडी घासली, म्हाताऱ्यांचे पाय चेपले. जेजुरीच्या मुक्कामी भाकऱ्या थापताना तीच म्हणाली, "रात्री दार वाजलं की अजून उठते गं." पांडुरंगाचं नाव घेऊन ती उभी होती आणि आतून रडतही होती. दोन्ही खरं होतं.

समाजआरतीला चोपदार चोप उंच करतात, सगळे टाळ गप्प होतात. पण ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असतं, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथं जाऊन ऐकतात. गाऱ्हाणं असलेल्याला कुणी दटावत नाही. आमच्या शिक्षणाचं सार याहून वेगळं काय आहे?

आता माझे विद्यार्थी दरवर्षी वारीत येतात. पहिले चार दिवस प्रश्न विचारायचा नाही, फक्त सेवा. त्यात त्यांना इथली भाषा कळते. ‘नैराश्य’ कुणी म्हणत नाही. "जीव लागत नाही", "अन्न गोड लागत नाही" असं म्हणतात. पण नुसतं भारावून जायचं नाही, हेही सांगते. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ लेखात वारीतली माया लिहिली, तशी जेवणाच्या पंक्ती जातीनुसार वेगळ्या बसत याची खंतही लिहिली. आणि आठ-पंधरा दिवस चालून कुणी वारकऱ्याचं मन पुरतं ओळखत नाही. विचारत राहावं लागतं.

तुम्हाला दोन विनंत्या. या पोरांना आधी काम द्या, मग गाऱ्हाणं सांगा. चुकली तर कान धरा. आणि घरात कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कुणी जीव द्यायची भाषा केली, तर "नाम घे, बरं होईल" एवढ्यावर सोडू नका. नाम घ्याच, पण डॉक्टरकडेही न्या. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या नंबरावर फोन करा. पैसे लागत नाहीत.

ज्याचे टाळ थांबत नाहीत, त्याच्याजवळ जाऊन ऐकू या. रामकृष्ण हरि!