सरांची शब्दांची युक्ती



आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. अकरावीला शास्त्र शाखेची सगळी पुस्तकं इंग्रजीत आली आणि आपल्यातले काही हुशार मित्र तिथेच अडले. मी तगलो ते सरांच्या युक्तीमुळे. अनोळखी इंग्रजी शब्दात ओळखीचा मराठी शब्द ऐकायचा. गॅरुलस म्हणजे बडबड्या. गर्दी जमवणारा गारुडी आठवा. इमॅसिएटेड म्हणजे खंगलेला. अंगावरचं मांस झडलेलं दिसतं. अ‍ॅव्हरिस म्हणजे हव्यासच! या शब्दांचं खरं नातं नसतं, पण आठवण पक्की बसते. १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं रशियन शब्दांवर हीच रीत तपासली. तीनं शिकणाऱ्यांच्या जास्त शब्द लक्षात राहिले.

सर मात्र बजावायचे, "युक्तीनं शब्द नुसता आठवतो. चार वेळा वाक्यात वापराल, तेव्हा तुमचा होईल."

आता पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीतली मुलं त्याच धास्तीत दिसतात. शाळेला देणगी आपण देऊच. शिवाय दर शनिवारी आपल्यापैकी एकानं तासभर वर्गावर यावं. पहिला शनिवार माझा.