मैदानातील हक्काचा वाटा

(एका विद्यापीठातील आंतरमहाविद्यालयीन महिला क्रीडास्पर्धांच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला नमवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या रात्री घरोघरी दिवाळी साजरी झाली. परंतु १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा तिच्यात अवघे तीन संघ होते. या दोन घटनांमध्ये बावन्न वर्षांची तपश्चर्या आहे. विजेत्यांचा सत्कार करणे सोपे असते. विजय घडावा अशी व्यवस्था उभी करणे कठीण. त्या व्यवस्थेत विद्यापीठाचा वाटा कोणता, याविषयी मला आज बोलायचे आहे.

यासाठी अमेरिकेचा अनुभव तपासण्याजोगा आहे. त्या देशाने जून १९७२ मध्ये शिक्षणविषयक एक कायदा केला. 'टायटल नाईन' या नावाने तो ओळखला जातो. केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. तरीही सर्वात मोठे परिवर्तन झाले ते क्रीडांगणावर. त्यावेळी महाविद्यालयीन संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे ३० हजार होत्या. आज ही संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे.

मात्र कायदा झाला आणि दारे उघडली, असे घडले नाही. येल हे तेथील नामांकित विद्यापीठ. तेथे मुलींचा नौकानयन संघ होता, सराव मुलांइतकाच कठोर होता. पण नदीकाठच्या नौकागृहात मुलींसाठी न्हाणीघर नव्हते. सराव आटोपला की मुले गरम पाण्याने स्नान करीत आणि मुली भिजल्या कपड्यांनिशी, थंडीत कुडकुडत, बसमध्ये त्यांची वाट पाहत. अर्ज-विनंत्या व्यर्थ गेल्या. अखेर ३ मार्च १९७६ रोजी १९ मुली क्रीडा विभागाच्या कार्यालयात गेल्या, क्रीडावेश उतरवून त्यांनी अंगावर लिहिलेले कायद्याचे नाव दाखविले आणि आपले निवेदन वाचले. निषेधाचा तो मार्ग आपल्याला रुचेलच असे नाही. पण त्यांची मागणी काय होती? न्हाणीघर आणि कपडे बदलण्याची खोली! वृत्तपत्रांत बातमी झळकल्यावर ती व्यवस्था झाली. त्याच वर्षी माँट्रियल येथे महिलांच्या नौकानयनाचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि या चमूतील दोघी आपल्या देशाकडून उतरल्या. गुणवत्ता होतीच, अडले होते ते पाण्याच्या नळापाशी.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७२ मध्ये तेथील महिला संघांच्या दहापैकी नऊ प्रशिक्षक स्त्रिया होत्या. संघांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळताच ती पदे पुरुषांकडे गेली आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून खाली घसरले. शिवाय काही महाविद्यालयांनी मुलींची संधी वाढविण्याऐवजी मुलांचे कुस्तीसारखे संघ बंद करून हिशेब जुळविला. मुलींना न्याय द्यायचा तर मुलांच्या ताटातले काढून घ्यावे लागते, हा समज त्यातूनच पसरला. आपण ही चूक टाळू शकतो.

म्हणून या विद्यापीठापुढे मी काही साधे प्रश्न ठेवतो. मैदान सायंकाळी मुलींना किती वेळ मिळते? मैदानालगत स्वच्छ प्रसाधनगृह आहे का? सरावाहून उशिरा परतणाऱ्या मुलीसाठी वसतिगृहाचे दार आणि भोजनगृहातील ताट राखून ठेवले जाते का? परगावच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघासोबत स्त्री प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असते का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत क्रीडास्पर्धांचे ठिकाण आणि तेथवरचा प्रवासही शिक्षणसंस्थेच्या परिसरातच मोडतो. ही गोष्ट प्रत्येक खेळाडूला कोणी सांगितली आहे का? यांतील बहुतेक गोष्टींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती लक्ष घालण्याची इच्छा.

आणि पालकहो, एक शब्द आपल्यासाठी. परीक्षा जवळ आली की मुलीचे मैदान प्रथम सुटते, मुलाचे मागाहून. घरातली कामे वाटतानाही मुलाच्या सरावाची वेळ सांभाळली जाते, मुलीची क्वचितच. आपण शक्तीची उपासना करणारा समाज आहोत. देवघरात जिची पूजा करतो, तिला अंगणात धावू देण्याचे धैर्य आपल्यात हवे. प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही; आणण्याची गरजही नाही. सुदृढ देह, निर्भय मन आणि पराभव पचविण्याची ताकद घेऊन ती येथून बाहेर पडली, तरी विद्यापीठाने आपले कर्तव्य बजावले असे मी मानेन.

पुढील वर्षी याच समारोपात पदकांच्या यादीसोबत वरील प्रश्नांची उत्तरेही वाचून दाखविली जावीत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.