तान्ह्याची भूक आणि तान्ह्याची झोप



व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अध्यात्म अशा थोर विषयांवर बोलण्याचा रिवाज आहे. आमचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. त्याचे वजन अवघे अडीच-तीन किलो. पण तो ज्या घरात येतो त्या घरात रात्री कोणाला झोप मिळत नाही, एवढी त्याची सत्ता आहे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायांना वाटेल, चार-चार लेकरे वाढवलेल्या आम्हांला हे काय शिकवणार? आणि मागे उभ्या असलेल्या पुरुषांना वाटेल, हा बायकांचा विषय, आपण चहा घेऊन यावे. दोघांनाही हात जोडून विनंती आहे की, थोडे थांबावे. आजचा हिशेब दोघांच्याही कामाचा आहे.

हिशेब म्हणण्याचे कारण असे की, धसई हे बाजाराचे गाव. मुरबाड तालुक्यातल्या आसपासच्या वाड्यापाड्यांची देवघेव येथे चालते. २०१६ सालच्या डिसेंबरात तर 'कॅशलेस गाव' म्हणून धसईचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. तेव्हा खाते, जमा, खर्च या गोष्टी आपल्याला समजावून सांगायला नकोत. आम्हांला आज अशा एका खात्याबद्दल बोलायचे आहे, ज्यातून जितके काढावे तितके ते भरते, आणि काढणे थांबवले की आटते. ते खाते म्हणजे आईचे दूध.

तान्ह्या बाळाच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. बाळ रात्री तिसऱ्यांदा रडते, आणि अंधारातून कोणीतरी म्हणते, "पोराचं पोट भरत नाय. दूध कमी पडतंय." हे वाक्य मायेने बोललेले असते. पण आमचे स्पष्ट मत असे आहे की, तान्ह्याच्या पहिल्या सहा महिन्यांत या एका वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे फार थोड्या गोष्टींनी होत असेल. कसे, ते पाहू.

आम्हांला ठाऊक असलेल्या एका पाड्यावरची हकीकत सांगतो; नावगाव सांगत नाही. पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली. मुलगा २७०० ग्रॅमचा. २१व्या दिवशी आशाताईंनी झोळीच्या काट्यावर तोलला तेव्हा २९०० ग्रॅम भरला. म्हणजे उत्तम चालले होते. पण तो तासातासाला उठे, संध्याकाळी तर दोन-दोन तास रडे. आजीने ठरवले की, दूध पुरत नाही. बाटली आली. गाईचे दूध आले, आणि 'जड पडू नये' म्हणून त्यात निम्मे पाणी. बाळ त्या रात्री सलग झोपले, आणि आजीचे म्हणणे सर्वांना पटले. २८व्या दिवशी घरची मंडळी नात्यातल्या लग्नाला गेली होती, त्यामुळे ते वजन राहिले. ४२व्या दिवशी काट्यावर घातला तेव्हा मुलगा २८५० ग्रॅम. मध्ये आठ दिवस जुलाब झाले होते. आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. या वयात बाळ दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढते. तीन आठवड्यांत ते ३४०० च्या आसपास हवे होते. मग अर्धा किलो गेला कोठे? तो त्या बाटलीत गेला.

आजीची माया खोटी नव्हती. तिची चूक एकच झाली. तिने रडण्यावरून दूध मोजले. दूध रडण्यावरून मोजायचे नसते, तर वजनावरून आणि लघवीवरून मोजायचे असते.

मग बाळ रडते का? १९६२ साली अमेरिकेत डॉ. ब्रेझल्टन यांनी ८० तान्ह्यांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. ही सगळी धडधाकट, चांगली वाढणारी मुले. त्यांचेही रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत गेले, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला सरासरी पावणेतीन तासांवर पोहोचले, आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत उतरले. विशेषतः संध्याकाळी अधिक. म्हणजे आपण ज्याला कधी दृष्ट म्हणतो, कधी दूध कमी म्हणतो, ते पुष्कळदा त्या वयाचे रडणे असते. भरतीसारखे ते चढते आणि ओसरते. त्या काळात बाळाला उराशी धरावे, फिरवावे, गाणे म्हणावे. पण बाटली आणू नये.

झोपेचेही असेच आहे. नवजात बाळ दिवसरात्र मिळून १६ तासांच्या आसपास झोपते. पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. त्याला रात्र कोणती, दिवस कोणता, हे कळत नाही. शरीरातले ते घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. शिवाय त्याची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. तो झोपेतच कण्हतो, हातपाय झाडतो, तोंड वेडेवाकडे करतो. आपण समजतो जागा झाला, उचलतो, आणि खरोखरच जागा करतो. अशा वेळी घटकाभर नुसते पाहावे. दिवसा घरात उजेड आणि माणसांचा वावर असू द्यावा. रात्री दिवा मंद, बोलणे हलके. घड्याळ हळूहळू लागते.

आणि रात्री उठण्यात एक शहाणपणही आहे. दूध बनवणारा जो रस आईच्या शरीरात तयार होतो, तो रात्री अधिक असतो. बाळ रात्री ओढते म्हणून उद्याचे दूध तयार होते. जन्मतः त्याचे पोट इतके लहान की, पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर दूध त्याला पुष्कळ होते. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. बाटलीचे दूध पिऊन बाळ जास्त झोपले याचा अर्थ त्याचे पोट आता नीट भरले असा नव्हे. ते दूध पचायला जड, एवढाच त्याचा अर्थ. आणि जेवढा वेळ ते झोपले, तेवढा वेळ आईचे खाते बंद राहिले. चार दिवसांनी दूध खरोखरच कमी होते, आणि आजी म्हणते, "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

आता वजनाचा ताळा कसा करावा तो सांगतो. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचे वजन घटते. शंभरात सात-आठ भाग, क्वचित दहापर्यंत. घाबरू नये. १० ते १४ दिवसांत ते जन्मवजनावर परत येते. पुढे तीन महिने महिन्याला साधारण ६०० ते ९०० ग्रॅम. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाच्या सुमारास तिप्पट. काटा रोज घरी नसतो, तेव्हा दुपटी मोजावी. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा पांढरीस्वच्छ लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे. आणखी साक्ष नको.

सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीही नको. वैशाखातही नको. आईच्या दुधाच्या १०० भागांत सुमारे ८८ भाग पाणीच आहे. तहान लागली की बाळाला पाजावे. मध नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून क्वचित पण भयंकर विषबाधा होते. बाळघुटी नको, काजळ नको, आणि पोटदुखीवर डाग देणे तर मुळीच नको.

चिकाबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो, पाहुण्याला आग्रहाने वाढतो. आणि पोटच्या पोरासाठी आलेला पिवळा, घट्ट चीक मात्र अजून काही घरांत पिळून फेकतात. रेडकाच्या वाट्याचे आपण खातो आणि लेकराच्या वाट्याचे टाकतो, याला काय म्हणावे? तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे ७१ बाळे सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर आढळली; पण जन्मल्यावर तासाभरात पाजलेली सुमारे ५३च. सुरुवातच निम्म्या घरांत उशिरा होते.

ही कामे मोठ्या इस्पितळाची आहेत असे कोणी समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघर जाऊन बाळ तोलीत, ऊब देत, पाजण्याला मदत करीत, आजार ओळखून उपचार करीत. तेथे नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ च्या आसपास होते, ते १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. आपल्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ती रीत याच कामातून आली. तेव्हा ती वही घेऊन आली की, "आज लग्नाला जायचंय" म्हणू नये. लग्न संध्याकाळपर्यंत थांबते.

अडीच किलोच्या आतले बाळ आई किंवा बापाने उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवावे. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आज ती जगभर मान्य आहे. बापाने म्हटले, ते मुद्दाम म्हटले. छाती त्यालाही आहे.

निजवण्याबद्दल थोडे. बाळाला उताणे, पाठीवर निजवावे. पालथे नको, कुशीवर नको. खाली टणक गोधडी, उशी नको, तोंडावर पांघरूण नको. परदेशांत १९९० नंतर 'पाठीवर निजवा' असा प्रचार झाला आणि झोपेत अकस्मात दगावणारी बाळे निम्म्याने कमी झाली. झोळीत बाळाची मान दुमडत नाही ना, हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे पाहत राहावे. दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ कधीही निजवू नये.

आणि हेही ध्यानात धरावे. बाळ दूध ओढीनासे झाले, थंडगार किंवा तापलेले लागले, मिनिटाला ६० हून अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढू लागले, निपचित पडले, तळवे पिवळे झाले किंवा नाळेला पू आला, तर अंगारा करीत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि निघावे.

आता मागे उभ्या असलेल्या बंधूंकडे वळतो. हे सगळे खाते चालवायला भांडवल एकच लागते, ते म्हणजे आईचा वेळ. ८ ते १२ वेळा पाजणे म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास. त्यासाठी तिला रोजच्याहून एका जेवणाएवढे, सुमारे ६०० कॅलरी, अधिक अन्न हवे. ती विहिरीवर, लाकडाला, लावणीला गेली तर पाजणार कधी? २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार बाईची प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. पण आपल्या तालुक्यातली कातकरी आणि ठाकर कुटुंबे दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्या आईच्या हाती २६ आठवडे कुठले? भट्टीच्या धुरात झोळी टांगलेली, आणि पाजायचे केव्हा ते मुकादम ठरवणार. तिला 'सहा महिने निव्वळ अंगावरचे पाज' असा उपदेश करून आपण घरी जाणे, हे बोलायला सोपे आणि ऐकायला लाजिरवाणे आहे.

म्हणून आमचे मागणे असे. ज्या घरात तान्हे आहे तिथे पाणी पुरुषांनी भरावे. भाकरी सासूबाईंनी थापावी. आणि भट्टीवर माणसे धाडणाऱ्याने मुकादमाशी बोली करतानाच लेकुरवाळीला पाजायला सुटी, हे कलम उचलीच्या रकमेबरोबर ठरवून घ्यावे. उचलीचा हिशेब आपण पैपैचा करतो, हाही करावा.

त्या २८५० ग्रॅमच्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. बाटली गेली. दिवसरात्र दर दोन तासांनी त्याला अंगावर घेतले. दूध पुन्हा येईपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध वाटी-चमच्याने, हळूहळू कमी करीत दिले. त्या दोन आठवड्यांत बाईने चूल पाहिली नाही. चूल पाहिली आजीने. दूध परतले. साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा त्याचे वजन साडेचार किलोच्या वर गेले होते. रात्री तो तीनदा उठतच होता. फरक एवढाच की, आता तो उठला की आजी म्हणे, "उठला का? बरं झालं. घे त्याला, मी दिवा लावते."