चित्राखाली नाव



आम्ही शाळेत जन्म घालवला. लिहिणे म्हणजे पाटीवरची अक्षरे, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. पण पालघर जिल्ह्यातले वारली लोक लग्नाचा चौक 'काढला' म्हणत नाहीत. चौक 'लिहिला' म्हणतात!

हा चौक कोण लिहितं? सवाशिणी लिहितात. घराची भिंत कुडाची. ती शेणाने सारवायची. वरून गेरू द्यायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे. झाला पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करायचे. झाला कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, की माणूस उभा राहतो. चौकात पालघट देवी बसते. तिच्या साक्षीने लग्न लागते.

पुढे ही चित्रे कागदावर आली, कापडावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. लहानपणी त्यांची आई गेली. पोर बोलेनासं झालं. मातीत चित्रं काढून मनातलं सांगायचं. त्याच हाताला २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

आता दुसरी बाजू पाहा. चित्र कागदावर आलं, तसा पैसा आला. पण नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कोणाला ठाऊक आहेत? शहरात ही चित्रं कपांवर, पिशव्यांवर यंत्राने छापतात. ज्यांच्या भिंतीवरून ती उचलली, त्यांना त्यातली दमडी मिळत नाही. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे ही कला कोणत्या मुलखाची, याची सरकारदरबारी नोंद झाली. नोंद झाली हे चांगलंच झालं. पण नोंद काही तुमच्या वतीने व्यापाऱ्याशी बोलायला येत नाही. बोलायचं आपणच.

तुमच्यात कोणी चित्र काढतं, कोणी टोपल्या विणतं, कोणी मडकी घडवतं. तुम्ही पाटीवर पहिलं काय लिहायला शिकलात? आपलं नाव. मग ते कामाला लावा.

लग्नाचा चौक देवीचा. त्यावर नाव नको. पण विकायच्या चित्राखाली आपलं नाव आणि गाव लिहा. बाईने काढलं असेल, तर बाईचंच नाव लिहा, घरधन्याचं नको. किती दिवस खपलो, सामानाला किती गेले, ते वहीत मांडा. मगच भाव सांगा. व्यापाऱ्याने कागद पुढे केला, तर आधी वाचा. न वाचता सही करू नका. अंगठा तर नकोच नको.

मंडळी, हात तुमचा आहे. त्याखालचं नावही तुमचंच असू द्या.