केसपेपर कोणाच्या मालकीचा?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिले. त्या महापुरात आमच्या तळमजल्यावरील रेकॉर्डची खोली बुडाली. पुढे केसपेपरचे गठ्ठे आम्ही गच्चीवर वाळत घातले. कागद वाळले, अक्षरे मात्र पुसली गेली. एका वृद्ध रुग्णभगिनींना कोणते औषध सोसत नाही, हे त्यांच्या कन्येच्या स्मरणावरून पुन्हा लिहून घ्यावे लागले.

संगणक त्यापूर्वीही होता. परंतु विकत घेतलेल्या त्या प्रणालीचा करार संपला, तेव्हा आमच्याच रुग्णांच्या नोंदी आम्हांस उघडता येईनात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आपली खतावणी दुसऱ्याच्या कुलपात ठेवून कोणी पेढी चालवीत नाही, एवढे आम्हांस कळावयास हवे होते. रुग्णाने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे २००२ चे वैद्यकीय आचारविषयक नियम सांगतात. नोंद रुग्णासाठी आहे. आपण केवळ तिचे राखणदार.

म्हणून आम्ही मुक्त-स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स प्रणालीकडे वळलो. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनएमआरएस’च्या पायावर भारतात ‘बाह्मनी’ ही प्रणाली उभी राहिली. छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात तिचा प्रथम वापर झाला. नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळा आणि बिल ही कामे तीत एकत्र जोडलेली आहेत. तिला परवाना शुल्क नाही, आणि उद्या तंत्रज्ञ बदलला तरी नोंदी आपल्याच हाती राहतात.

मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे कोणी समजू नये. शाहूवाडी तालुक्यातून आमच्याकडे रुग्ण पाठविणाऱ्या एका लहान दवाखान्यात आम्ही ही प्रणाली बसवून दिली आणि परत आलो. वीज गेली की काम थांबे, सिस्टरांना तीच नोंद दोनदा करावी लागे, बाहेर रांग वाढे. महिन्याभरात तेथे पुन्हा कागद सुरू झाला. दोष त्यांचा नव्हे, आमचा होता. दुसऱ्या खेपेस आम्ही बॅटरी दिली आणि आमचा एक कर्मचारी पूर्ण महिनाभर तेथे बसविला. आज तो दवाखाना आपले काम आपण चालवितो. नोंदींची प्रत रोज घेतली जाते व ती पुराच्या पाण्यापासून दूर ठेवली जाते.

देणगीदारहो, यंत्र दिले की त्यावर नावाची पाटी लागते. यंदा आमची मागणी पाटी न लागणाऱ्या गोष्टीची आहे: आणखी दवाखान्यांत जाऊन बसणाऱ्या एका प्रशिक्षकाचे वर्षभराचे वेतन. जमाखर्चात ते खर्चाच्या बाजूस दिसेल. पुढच्या पुरात मात्र कोणत्याही लेकीला आईचे औषध आठवत बसावे लागणार नाही. ही जमा आम्ही मोठी मानतो.