दगडफुलाचा दुर्मिळ भाऊबंद
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



काळ्या मसाल्यातलं दगडफूल तुमच्या घरोघरी आहे. नाव दगडफूल, पण ते फूल नाही; आणि पुष्कळदा दगडावरचंही नाही, झाडाच्या सालीवरचं असतं. बुरशी आणि शेवाळ यांची ही भागीदारी. शेवाळानं उन्हात अन्न करायचं, बुरशीनं घर सांभाळायचं. शास्त्रात याला शैवाक म्हणतात.

याच्याच एका दुर्मिळ भाऊबंदाचं नाव एरिओडर्मा पेडिसेलॅटम. तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडे, न्यूफाउंडलंड आणि नोव्हा स्कोशियात, फर झाडांच्या खोडावर वाढतो. १९०२ साली तो कँपोबेलो बेटावर मिळाला होता. आज तिथं नाही.

ओळखायचा कसा? कोरडा असताना राखाडी-तपकिरी, भिजला की निळसर. अंगावर घोंगडीसारखी बारीक लव. कडा वर वळलेल्या, म्हणून खालची पांढरी बाजू दिसते. वर तांबूस ठिपके, त्यांत बीजाणू.

हा दुर्मिळ का? याचा भागीदार नीलहरित शेवाळ. त्याला गंधकाचा धूर आणि आम्लाचा पाऊस सोसत नाही. बीजाणू पडेल तिथं भागीदार भेटला तरच नवा संसार उभा राहतो. आजूबाजूचं जंगल तोडून त्याचं एकच झाड राखलं, तर ओल उडते आणि तो वाळतो. न्यूफाउंडलंडमध्ये १९०४ साली बाहेरून आणलेली मूस हरणं फरची रोपं खातात. म्हातारं झाड पडलं की पुढचं घरच नाही!

मग उपाय? नोव्हा स्कोशियात सरकारी जंगलात हा सापडला की भोवतालचा पट्टा तोडायचा नाही, असा नियम आहे. पण सापडणार कुणाला? ज्याला ओळखता येतो त्याला. तिथल्या गोल्डस्मिथ तलावाकाठच्या जंगलात २०२२ पासून साध्या नागरिकांनी भिंग घेऊन दुर्मिळ शैवाकांच्या जागा शोधून दाखवल्या. कपाशीच्या पानावर बोंडअळीचं अंडं हेरणाऱ्या तुमच्या डोळ्याला हे काम अवघड नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. खाजगी जमिनीवर असं काही सापडलं आणि मालकाचं उत्पन्न थांबलं, तर भरपाई समाजानं द्यावी. नाहीतर मालक रातोरात साल खरवडून मोकळा होईल. दंडुक्यानं राखण होत नाही.

बांधावरच्या आंब्याच्या खोडावर पांढरट-हिरवट ठिगळं दिसतात ना? तीही शैवाकंच. ती झाडाचा रस पीत नाहीत; नुसती सालीवर बसतात. रोग समजून खरवडू नका. आधी नीट बघा.