रविवारच्या फोनवर न विचारलेला प्रश्न

दर रविवारी आम्ही आईला फोन लावतो. बीपी, शुगर, गुडघे, सगळं विचारतो. स्तनांबद्दल मात्र कधीच नाही. आज लाज बाजूला ठेवून बोलतो.

दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसणं अगदी नॉर्मल आहे. आकार बराचसा चरबीवर ठरतो, दूध तयार होतं ग्रंथींत. म्हणून लहान स्तन म्हणजे कमी दूध, हा गैरसमज. लक्ष ठेवायचं ते नव्या बदलावर: गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र. गाठ दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवाच.

इथे अमेरिकेत २०२४ साली राष्ट्रीय तज्ज्ञगटाने ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करण्याची शिफारस केली. विमा नसलेल्या भगिनींच्या तपासणीसाठीच आजचा निधी. सढळ हाताने द्या. आणि येत्या रविवारी फोनवर तेवढं एक विचाराच.